सर्व कोमल स्वर शुद्ध करण्याबाबत

“या ‘ग’खाली रेघ आहे आणि माझ्या नावाखाली नाही, ते कसं काय?” आबासाहेब बुगडांनी विचारलं.

संस्थेच्या सभागृहातल्या पडद्यावर माझ्या पुस्तकाचं पहिलं पान भिंतभर पसरलं होतं. आबासाहेब आमच्या शिक्षण संस्थेचे कार्याध्यक्ष. बार्शी आणि आसपासच्या गावांत संस्थेच्या अकरा शाळा आहेत, पण बोलताना सगळे ‘आबासाहेबांच्या शाळा’ असंच म्हणतात. आबासाहेबही तसंच म्हणतात.

“आबासाहेब, तो कोमल गंधार आहे,” मी लॅपटॉपमागून म्हणाले.

“असेल. पण त्याच्याखाली आहे आणि माझ्याखाली नाही.”

“‘ध’खाली पण आहे,” सचिव थिटे सरांनी भर घातली. ते प्राध्यापक आणि डॉक्टर दोन्ही होते, त्यामुळे बारीकसारीक गोष्टी त्यांच्या नजरेतून सुटत नसत. “आणि ‘नि’खाली तर एकाच ओळीत तीनदा.”

मी तेव्हा आठवीत होते. आता दहावीत आहे, त्यामुळे तेव्हाच्या केतकी लिगाडेकडे मी जरा मोठ्या बहिणीच्या नजरेने बघू शकते. पोरगी हुशार होती, पण स्वतःवर भाळलेली होती. भाळण्यासारखं काम केलं होतं म्हणा. संस्थेला पन्नास वर्षं झाली म्हणून चौदा गाण्यांचं, स्वरलिपीसकट, एक पुस्तक निघणार होतं. पुस्तक अकरा शाळांना वाटायचं, अकरा शाळांच्या मुलांनी त्यातून गाणी शिकायची आणि फेब्रुवारीत कार्यक्रमात सगळ्यांनी एकत्र गायची, अशी योजना. चौदाही चाली आमच्या संगीताच्या उटगीकर बाईंच्या.

कॉम्प्युटर लॅबमध्ये स्वरलिपी लिहायचं एक फुकटातलं सॉफ्टवेअर होतं. पण ते पाश्चात्त्य पद्धतीचं, पाच रेघांवर काळे ठिपके काढणारं. बाई म्हणाल्या, “हे आपल्या सा रे ग म ला बसणार नाही गं.” मी म्हणाले, “बसवते.” आणि तीन आठवड्यांच्या मधल्या सुट्ट्या आणि पीटीचे तास खर्चून बसवलं. पाच रेघा लपवल्या, ठिपके लपवले, आणि गाण्याचे शब्द टाकायच्या जागेत स्वर टाकले. वरच्या सप्तकाला डोक्यावर टिंब, खालच्याला पायाशी टिंब. कोमल स्वरांसाठी मी अक्षरांची एक वेगळी स्टाइलच तयार केली आणि तिला ‘कोमल’ असं नाव दिलं. अक्षर तेच, फक्त खाली रेघ. सगळ्यात भारी काय, तर स्टाइल एका जागी बदलली की चौदाच्या चौदा गाण्यांत बदल होतो. एका टिचकीत. मी हे घरी आईला, बाबांना आणि शेजारच्या काकूंना एकेकदा करून दाखवलं होतं.

रेघेचं महत्त्व मला ठाऊक नव्हतं असं मात्र नाही. बाई पाचवीच्या पहिल्याच तासाला सांगायच्या, “रेघ असली की स्वर उतरलेला, हळवा. नसली की शुद्ध. रेघ विसरलात तर गाणं दुसरंच होऊन बसतं.”

त्या बाई आत्ता सभागृहात दारालगतच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या सभासद नव्हत्या. खरं तर त्या पूर्ण शिक्षिकाही नव्हत्या. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढ्याच वेळेपुरत्या बाई. मे महिन्यात कायम जागेसाठी मुलाखती होणार होत्या आणि संस्थेच्याच जाहिरातीत अट होती, की उमेदवाराच्या स्वतःच्या नावावर प्रकाशित संगीतरचना हव्यात. बाईंनी मला ते कात्रण दाखवलं होतं आणि म्हणाल्या होत्या, “नऊ वर्षं नुसतं शिकवलं. छापून कोण आणणार होतं? आता हे पुस्तक आहे.” म्हणून मी प्रत्येक गाण्याच्या उजव्या कोपऱ्यात, सॉफ्टवेअरने संगीतकारासाठी ठेवलेल्या जागेत, ‘संगीत : सुनेत्रा उटगीकर’ असं बारा पॉइंटात टाकलं होतं. चौदा वेळा.

“आधी नावांचं बघू,” थिटे सर म्हणाले. “प्रेरणास्थान, कैलासवासी गुरुवर्य नानासाहेब बुगड. हे सगळ्यात वर. आशीर्वाद, माननीय आबासाहेब. मार्गदर्शक, प्राध्यापक डॉक्टर मी.”

मी टाइप करत गेले. मग उपाध्यक्ष आले, खजिनदार आले, विशेष सहकार्य आलं, सल्लागार आले. सल्लागार सात होते.

“हे सगळं पहिल्या पानावर ना सर?” मी विचारलं.

“प्रत्येक पानावर. पुस्तक कोण कुठून उघडेल सांगता येत नाही.”

“आणि डावीकडे हे ‘मध्यलय’ एवढं ठळक कशाला?” खजिनदार म्हणाले. “ते काय सभासद आहेत?”

मध्यलय म्हणजे गाण्याचा वेग. मी तो बारीक केला. नावं तेवीस झाली. गाणं खाली सरकत सरकत पानाच्या तळाशी गेलं, मग अर्धं पुढच्या पानावर गेलं.

“गाणं फार जागा खातंय,” एक सल्लागार म्हणाले.

“उजवा कोपरा मोकळा होऊ शकतो,” थिटे सर म्हणाले. “हे संगीताचं नाव प्रत्येक पानावर कशाला? मलपृष्ठावर एकदाच देऊ, व्यवस्थित. काय उटगीकर बाई, चालेल ना?”

बाई उभ्या राहिल्या. “सर, तेवढं एक नाव राहिलं असतं तर...”

“मलपृष्ठ म्हणजे मानाची जागा, बाई.”

बाई बसल्या. मी संगीतकाराची स्टाइल ‘अदृश्य’ केली. एका टिचकीत चौदा ठिकाणची नावं गेली. माझी गंमत पहिल्यांदाच मला एवढी गमतीची वाटली नाही.

“आता ती रेघ,” आबासाहेब विसरले नव्हते. “माझ्या नावाखाली घ्या. आणि ‘ग’खालची काढा. एका पानावर किती जणांना रेघ देणार?”

“पण आबासाहेब, ती काढली तर गाणं...”

“काढून दाखव तरी. कसं दिसतं बघू.”

मी ‘कोमल’ स्टाइलमधली रेघेची खूण काढली. पडद्यावरच्या सगळ्या रेघा एकदम नाहीशा झाल्या. मग नावांना रेघ दिली. सभागृहात समाधानाचा आवाज उमटला.

“आता पान कसं स्वच्छ दिसतंय,” थिटे सर म्हणाले.

मी मनात म्हटलं, दिसू दे. मीटिंग संपली की परत लावते. एकच तर टिचकी.

आबासाहेब उठता उठता माझ्याजवळ थांबले. “नाव काय बाळ तुझं? लिगाडे? एवढ्याशा पोरीनं एवढं केलं, आणि तिचं नाव नाही? थिटे, हिचंही टाका. ‘बालप्रतिभा’ म्हणून. आणि पेपरला फोटो द्या, माझ्याबरोबर.”

सगळे चहाला गेले. कार्यालयाचे भाऊसाहेब गायकवाड पेन ड्राइव्ह घेऊन माझ्या डोक्याशी उभे राहिले. संस्थेत हेडक्लार्कला भाऊसाहेब म्हणतात, आणि भाऊसाहेबांना नेहमीच कुठेतरी जायचं असतं.

“फायनल ना?” त्यांनी विचारलं. “प्रेसवाला थांबलाय.”

“हो, फायनल,” मी म्हणाले.

पंधरा दिवसांनी संगीताच्या वर्गात पुस्तकांचा गठ्ठा आला. बाईंनी सुतळी सोडली, एक पुस्तक घेतलं आणि थेट उलटं केलं. मलपृष्ठावर आबासाहेब थिटे सरांना शाल देत असल्याचा फोटो होता. पूर्ण पान. बाईंनी आतलं शेवटचं पान बघितलं, मग पहिलं. चष्मा काढून पदराला पुसला आणि परत घातला, जणू काचेवरच्या डागामुळे नाव दिसत नसावं.

मग त्यांनी पेटी ओढली आणि पुस्तक समोर ठेवून पहिलं गाणं वाजवलं. ते नानासाहेबांनी, म्हणजे आबासाहेबांच्या वडिलांनी, तरुणपणी लिहिलेलं. शिकायला पहिल्यांदा घर सोडतानाचं. ‘उंबऱ्याशी ठेव दिवा, आई, मी निघतो.’ बाईंची चाल अशी होती, की आमच्या वर्गातली सगळ्यात दांडगट मुलंसुद्धा ‘निघतो’वर आल्यावर खाली बघायची.

पुस्तकाबरहुकूम वाजलेलं गाणं ऐकून मात्र आई बसस्टँडवर सोडायला आली आहे आणि मुलगा खिडकीत नाचतोय, असं वाटलं.

बाई थांबल्या. “केतकी, रेघा कुठे गेल्या?”

मी पुस्तक हातात घेतलं. पानं उलटली. तेवीस नावांखाली रेघ होती. चोविसावं नाव माझं, त्याखालीही होती. एकाही स्वराखाली नव्हती.

“बाई, प्रेसमध्ये...” मी म्हणाले.

तेवढ्यात पांगरीच्या शाळेतल्या सरांचा फोन आला. बाईंनी तो स्पीकरवर टाकला, कारण त्यांचे हात पेटीवर होते.

“बाई, पुस्तक मिळालं. फार उत्साहवर्धक चाल आहे हो. मुलांना मी कवायतीबरोबरच बसवून टाकली.”

कार्यक्रम आठ दिवसांवर आला होता.

तातडीची सभा त्याच सभागृहात भरली. मला लॅपटॉप घेऊन बोलावलं होतं. बाई पुन्हा दारालगत.

“अकरा शाळांत पुस्तकं गेलीत,” थिटे सर म्हणाले. “मुलं पाठ करताहेत. पुस्तकावर आबासाहेबांचं नाव आहे. त्यामुळे पुस्तकात चूक आहे असं आपल्याला म्हणता येणार नाही. माझ्या मते चूक गाण्यात आहे.”

“गाणं दुरुस्त होईल?” खजिनदारांनी विचारलं.

“ठराव करून होईल.” सरांनी इतिवृत्ताची वही उघडली आणि लिहिता लिहिता वाचलं. “ठराव क्रमांक नऊ. विषय, सर्व कोमल स्वर शुद्ध करण्याबाबत. संस्थेच्या सर्व शाळांमधील सर्व कोमल स्वर आजपासून शुद्ध समजण्यात यावेत. सूचक?”

एक हात वर झाला.

“अनुमोदक?”

दोन झाले. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. मला आजही वाटतं, की संगीताच्या इतिहासात एवढं मोठं काम इतक्या कमी वेळात कुठे झालं नसेल.

“बाई, आता ठरावाप्रमाणे म्हणून दाखवा,” थिटे सर म्हणाले. “सभासदांना अंदाज येऊ दे.”

बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्या उभ्या राहिल्या आणि ठरावाप्रमाणे गायल्या. अगदी स्वच्छ, एकही स्वर न उतरवता. सहाव्या ओळीपर्यंत दोन सल्लागार गुडघ्यावर ताल धरू लागले.

आबासाहेबांचा हात मात्र टेबलावर तसाच पडून होता. गाणं संपल्यावर ते म्हणाले, “हे आमच्या वडिलांचं?”

“हो आबासाहेब,” बाई म्हणाल्या.

“नाना घर सोडताना तीन दिवस जेवले नव्हते, असं आमची आजी सांगायची. इथं तर त्यांना सुटका झाल्यासारखं वाटतंय.” मग थोडं थांबून, “पहिलं कसं होतं?”

बाई पहिलं गायल्या. दोनच ओळी. गुडघे थांबले. आबासाहेबांनी रुमाल काढला, नाक शिंकरलं आणि रुमाल खिशात ठेवला.

“ठराव मागे घ्या,” ते म्हणाले. “आणि प्रमुख पाहुणे कोल्हापूरहून येताहेत. गाण्यातले जाणकार आहेत. त्यांच्यासमोर हे गेलं तर माझी काय पत राहील?”

ठराव क्रमांक दहाने ठराव क्रमांक नऊ रद्द झाला.

“म्हणजे चूक पुस्तकात आहे,” खजिनदार हळूच म्हणाले.

“मग चूक कोणाची ते ठरवायला पाहिजे,” आबासाहेब म्हणाले. “भाऊसाहेब, नावं वाचा.”

भाऊसाहेब पुस्तक उघडून उभे राहिले. “प्रेरणास्थान, कैलासवासी...”

“ते सोडा.”

“आशीर्वाद, आपण.”

“आशीर्वादात चूक नसते,” थिटे सर म्हणाले.

“मार्गदर्शक, थिटे सर.”

“मी मार्ग दाखवला. रेघा दाखवल्या नाहीत.”

असं एकेक नाव येत गेलं आणि सुटत गेलं. सल्लागारांना कोणी सल्ला विचारलाच नव्हता. विशेष सहकार्यवाल्यांनी फक्त खुर्च्या दिल्या होत्या. भाऊसाहेब शेवटी म्हणाले, “बालप्रतिभा, कुमारी केतकी लिगाडे.”

“ती बाल आहे,” आबासाहेब म्हणाले. “पुढे?”

“पुढे नावच नाही साहेब.”

ज्यांची नावं पुस्तकात होती ते सगळे निर्दोष होते. आणि पुस्तकावर काम करूनही जिचं नाव त्यात नव्हतं अशी एकच व्यक्ती खोलीत होती. चोवीस डोकी दाराकडे वळली, असं मी लिहिणार होते. पण माझं वळलं नव्हतं, म्हणून तेवीस.

“उटगीकर बाई,” थिटे सर म्हणाले, “शेवटचं प्रूफ तुम्ही बघायला हवं होतं.”

“मला दाखवलंच नाही सर.”

“मागून घ्यायचं ना. नऊ वर्षांचा अनुभव तुमचा. मे महिन्यात मुलाखतीला आम्हीच बसणार आहोत, हे लक्षात घ्या. निष्काळजीपणाचा शेरा पडला तर...”

बाईंनी पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. त्या काही बोलणार नव्हत्या. तासिका तत्त्वावरच्या माणसाला वाद घालायलाही तास मिळत नाही.

“चूक माझी आहे,” मी म्हणाले.

“बस खाली बाळ,” आबासाहेब म्हणाले.

“नाही, खरंच. रेघा मी काढल्या. तुम्ही म्हणालात म्हणून, पण मीटिंगपुरत्या. मीटिंगनंतर परत लावायच्या होत्या. तुम्ही सगळे चहाला गेलात तेव्हा मी लावणारच होते, पण...” इथे माझा आवाज जरा कोमल झाला. “पण आधी मी माझं नाव टाकत बसले. बालप्रतिभा. आधी बारा पॉइंटात, मग चौदात. मग ठळक करून बघितलं. मग तिरपं. मग रेघ दिली. छान दिसत होतं. भाऊसाहेबांना घाई होती. माझं नाव पुसलं जाऊ नये म्हणून मी पटकन सेव्ह केलं आणि फायनल म्हणाले. रेघा आठवल्याच नाहीत.”

हे मी तोपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. बाईंनाही नाही. पुस्तकं आल्यापासून मी स्वतःलासुद्धा ‘प्रेसमध्ये काहीतरी झालं असेल’ असंच सांगत होते. बाई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नव्हे. एखादी मुलगी बेसूर लागली की त्या जशा कान पुढे करून थांबायच्या, तशा.

थिटे सरांनी मात्र डोक्याला हात लावला. “अगं, तुझा फोटो आबासाहेबांबरोबर पेपरला येऊन गेलाय. ‘चिमुकलीची किमया’ असा मथळा. तुला चूक करता येणार नाही.”

“पण केली ना.”

“तुझं नाव पुस्तकात आहे,” ते प्रत्येक शब्द वेगळा करून म्हणाले.

मी बसले. भाऊसाहेबांनी घसा साफ केला. “साहेब, शुद्धिपत्रक काढू. एक पान. प्रत्येक पुस्तकात चिकटवू. योग्य स्वर आणि खाली, श्रीमती उटगीकर यांच्या निष्काळजीपणामुळे, वगैरे.”

“योग्य,” थिटे सर म्हणाले. “लिगाडे, टाइप कर.”

मी नवीन पान उघडलं. पडद्यावर कोरा पांढरा चौकोन आला. मी ‘शुद्धिपत्रक’ लिहिलं. ‘श्रीमती सुनेत्रा उटगीकर यांच्या’ इथपर्यंत आले आणि बोटं थांबली. धाडस वगैरे नव्हतं. मला खरोखरच एक अडचण दिसली होती.

“सर, एक शंका आहे.”

“काय?”

“पाहुणे हे वाचून विचारतील, या उटगीकर कोण? पुस्तकात त्यांचं नावच नाही. ज्यांचा पुस्तकाशी संबंध नाही त्यांच्यामुळे पुस्तक कसं चुकलं?”

अशा शंका खरं तर थिटे सरांना यायला हव्या होत्या.

“मुद्दा आहे,” आबासाहेब म्हणाले.

“म्हणजे चूक त्यांची म्हणायची तर चाली त्यांच्या आहेत हे आधी लिहावं लागेल,” मी म्हणाले. “नाहीतर मग वर नावं असलेल्यांपैकी कोणाचं तरी टाकू. ती यादी आहेच माझ्याकडे.”

आणि मी ती यादी पानावर आणली. तेवीस नावं ‘शुद्धिपत्रक’ या शब्दाखाली येऊन बसली. सवयीने रेघेसकट.

पहिल्या सभेत मी एवढी चपळाई बघितली नव्हती.

“माझं काढ,” खजिनदार म्हणाले. “मी त्या आठवड्यात सांगलीला होतो.”

“सल्लागार सगळेच काढ,” सल्लागार म्हणाले, सातही.

“मार्गदर्शक हा शब्द मुळात व्यापक आहे,” थिटे सर म्हणाले. “काढ.”

मी एकेक नाव पुसत वर गेले. शेवटी आशीर्वाद राहिला. आबासाहेबांनी पडद्याकडे बराच वेळ बघितलं. “एवढ्याशा चिठ्ठीवर आमचं नाव शोभत नाही,” ते म्हणाले. “काढ. वडिलांचंही काढ. त्यांचा यात काय दोष.”

पान पुन्हा रिकामं झालं.

“मग लिहू ना सर, की चाली बाईंच्या?” मी विचारलं.

“लिही. स्पष्ट लिही. चौदाही चाली श्रीमती उटगीकर यांच्याच आहेत.”

“पूर्णपणे?”

“पूर्णपणे आणि सर्वस्वी. मंडळाचा त्यात काडीचाही सहभाग नाही.” सरांना आता सूर सापडला होता. त्यांनी वही ओढली. “हे ठरावातही घेतो. उद्या कोणी विचारलं तर कागद पाहिजे. ठराव क्रमांक अकरा. सदर पुस्तकातील चौदा संगीतरचना संपूर्णपणे व सर्वस्वी श्रीमती सुनेत्रा उटगीकर यांच्याच असून त्यामध्ये कार्याध्यक्ष, सचिव अथवा अन्य कोणाही सभासदाचा सहभाग नाही, याची नोंद घेण्यात यावी. सह्या करा सगळ्यांनी.”

वही फिरली. मी संगीतकाराची अदृश्य केलेली स्टाइल पुन्हा चालू केली. ‘सर्व संगीतरचना : सुनेत्रा उटगीकर’ पानाच्या मधोमध उभं राहिलं. बारा पॉइंटात.

“मोठं कर,” आबासाहेब म्हणाले. “जबाबदारी कोणाची ते लांबून दिसलं पाहिजे.”

अठरा केलं.

“अजून.”

चोवीस केलं आणि ठळक केलं. आतापर्यंत संस्थेच्या कुठल्याच कागदावर कोणाचंही नाव एवढं मोठं आलं नव्हतं. आबासाहेबांचं सोळावर थांबलेलं होतं.

खाली चौदाही गाण्यांच्या स्वरांच्या ओळी बारीक अक्षरांत बसवल्या. ‘कोमल’ची खूण लावली आणि सगळ्या रेघा परत आल्या. मग राहिला निष्काळजीपणा.

“सर, चुकीबद्दलची ओळ एवढ्या मोठ्या अक्षरात नको ना? पाहुण्यांच्या नजरेत भरेल.”

“बारीक कर. अगदी बारीक.”

मी अगदी तळाशी सहा पॉइंटात ओळ लिहिली. पडद्यावर ती मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत होती. कोणी वाचायला पुढे आलं नाही. सगळ्यांना सही करून मोकळं व्हायचं होतं. ओळ अशी होती: ‘रेघा गळाल्या त्या स्वरलेखन करताना माझ्या हातून. केतकी लिगाडे, आठवी ब.’

या वेळी सेव्ह करण्याआधी मी रेघा मोजल्या. मोजून झाल्यावर बाईंना उठून पडद्याजवळ यायला सांगितलं आणि म्हणाले, “बाई, प्रूफ बघा.”

बाईंनी वरपासून खालपर्यंत बघितलं, मुंग्यांपर्यंत. तिथे त्या जरा जास्त थांबल्या.

“तिसऱ्या गाण्यात एक धैवत राहिलाय,” त्या म्हणाल्या. बाकी काही नाही.

मी त्या राहिलेल्या ‘ध’ला रेघ दिली.

कार्यक्रमाबद्दल फार सांगत नाही. दहा शाळांना आठ दिवसांत पाठ केलेलं विसरायला लावणं हे बाईंनी कसं केलं ते त्याच जाणोत. त्या रोज दोन गावं करत होत्या. पांगरीची मुलं ‘निघतो’ला अजूनही उजवा पाय आपटायची, तेवढं राहिलं. पाहुण्यांनी पुस्तक उघडलं तर पहिल्यांदा ते चिकटवलेलं पानच उघडत होतं, डिंक जरा जास्त झाल्यामुळे. ते मंचावरूनच म्हणाले, “या सुनेत्राताई कुठे आहेत?” आणि आबासाहेबांनी माझ्या मते आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कोणाकडे तरी कौतुकाने बोट दाखवलं.

मे महिन्यात मुलाखत झाली. मी शाळेच्या पायऱ्यांवर बसून होते. आत खुर्च्यांवर तेच सगळे. बाई बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी पायरीवर टेकल्या.

“काय विचारलं?” मी म्हणाले.

“थिटे सरांनी विचारलं, प्रकाशित रचना आहेत का? मी ते पान दिलं. म्हणाले, यावरून काय कळणार, चाली तुमच्याच कशावरून? तर मी ठरावाची प्रत दिली.”

“मग?”

“आबासाहेबांनी चष्मा लावून सगळा वाचला. संपूर्णपणे व सर्वस्वी, दोनदा वाचलं. मग विचारलं, हा ठराव कोणी केला?”

“तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, आपणच. खाली सही आहे आपली.” बाईंनी पर्समधून रुमाल काढून मान पुसली. “त्यांनी सही नीट बघितली. मग थिटे सरांना म्हणाले, आपली सही आहे म्हणजे बरोबरच असणार. आणि माझ्या नेमणुकीच्या कागदावर पण केली.”